अक्का सूतगिरणीत लागली तेव्हा

नेकनूरच्या एस्टी स्टँडवर चहाच्या टपरीच्या पत्र्याला एक जाहिरात चिकटवलेली होती. बीडच्या कॉलेजातून परत येताना मी ती वाचली. माळावरच्या सहकारी सूतगिरणीत कामगार भरायचे होते. मुलींनाही संधी, असं खाली ठळक लिहिलं होतं. शिक्षणाची अट नव्हती. हात चपळ आणि नजर चांगली पाहिजे, एवढंच. ते वाचलं आणि मला थेट अक्का आठवली.

अक्का माझी थोरली बहीण. तिला जन्मापासून ऐकू येत नाही, म्हणून बोलणंही आलं नाही. लहानपणी शाळेत घातली होती, पण मास्तर फळ्याकडं तोंड करून बोलायला लागले की तिच्यापुरती शाळा संपायची. लवकरच ती घरी राहिली. घरात मात्र ती भरपूर बोलायची, हातांनी. मिशीला पीळ दिला की आबा. डोक्यावरचा पदर सारखा केला की माय. दोन्ही हातांनी हवेत मोठा गोल काढून स्टिअरिंग फिरवलं की पाण्याचा टँकर. हा शेवटचा शब्द तिनं त्याच वर्षी केला होता, कारण त्या वर्षी आमच्या भागात पाऊस झालाच नव्हता आणि टँकरशिवाय गावात दुसरा विषय नव्हता.

कापूस गुडघ्याएवढा होऊन जागच्या जागी वाळला होता. ऊस कुठंच नव्हता, त्यामुळं तोडीला जायचा प्रश्न मिटला. आबा आणि माय रोजगार हमीच्या पाझर तलावावर माती वाहायला जायचे. अक्का घर बघायची, टँकरपुढं नंबर लावायची, आणि रिकाम्या वेळी जुन्या लुगड्यांच्या वाकळा शिवायची. तिचा टाका इतका बारीक आणि सरळ असायचा की शेजारच्या बाया आपली लुगडी तिच्याकडंच आणून टाकायच्या.

बाहेरच्या जगाशी तिचं बोलणं माझ्यातून व्हायचं. दुकानदार, दवाखान्यातला कंपाउंडर, टँकरचा ड्रायव्हर, कुणीही असो, त्यांचं बोलणं मी हातांनी तिला सांगायचे आणि तिच्या हातांचं त्यांना तोंडानं सांगायचे. माझी त्याला इतकी सवय झाली होती की माझ्याशिवाय तिचं कुणाशी बोलणं होऊ शकतं, हे माझ्या मनातही येत नव्हतं.

जेवताना मी गिरणीचा विषय काढला. आबांनी हातातला घास तसाच ठेवला.

"कावून नेतीस तिला तिकडं? लोक हसतील. तिला काय इच्यारलं तर ती काय सांगल?"

"मी हाय ना संगं."

"आज हाईस. तू काय रोज कामावर बी संगं जाणार हाईस का?"

माय म्हणाली, "जाऊ द्या की. बघून तर येतील. न्हाई म्हणले तर घर कुठं गेलंय?"

अक्का आळीपाळीनं आमच्या तोंडांकडं बघत होती. आपल्याबद्दलच चाललंय हे तिनं केव्हाच ओळखलं होतं. मी तिला सांगायला लागले, पण गिरणी कशी सांगायची? आम्ही दोघींनीही ती आतून पाहिलेली नव्हती. मी कापूस सांगितला, धागा सांगितला, मोठं यंत्र सांगितलं. तिनं थोडा वेळ विचार केला आणि उठून ताट धुवायला गेली. परत आली ती माझी कॉलेजची वही आणि पेन घेऊनच. लिही, अशी खूण करून समोर बसली.

आमच्या कॉलेजात एक सर नोकरीचा अर्ज कसा लिहावा ते शिकवायचे. नुसतं 'मी मेहनती आहे' असं लिहू नका, म्हणायचे. मेहनत कुठं केली, काय केलं, ते लिहा. वाचणाऱ्याला तुम्ही दिसले पाहिजेत. ते आठवून मी अक्काला विचारलं, तुला काय काय येतं? तिला हा प्रश्नच विचित्र वाटला. आजवर तिला तो कुणी विचारला नव्हता. तिनं खांदे उडवले. मग वाकळेकडं बोट दाखवलं. मग वाती वळून दाखवल्या. मग दोन्ही हातांनी कापसाची बोंडं टपाटप खुडून ओट्यात टाकल्यासारखं केलं आणि मागं वळून, बाकीच्या बाया मागं राहिल्यात, असं ऐटीत दाखवलं. माय हसली. "खरं हाय," म्हणाली, "हिच्या वळीला कुणी लागत न्हाई."

मी ते सगळं लिहून काढलं. ऐकू येत नाही हे लिहायचं की नाही, यावर मात्र मी आणि माय अडलो. माय म्हणाली, आधी काम बघू द्या, मग सांगू. अक्कानं आमची तोंडं वाचली. माझ्या हातातलं पेन धरून कागदावर टेकवलं, मग आपल्या कानाला आणि ओठांना बोट लावलं. लिही. मी लिहिलं. मी काय लिहितेय हे तिला वाचता येत नव्हतं, तरी मी लिहून होईपर्यंत तिनं माझ्या हातावरची नजर काढली नाही.

गिरणीच्या फाटकाशी पोचलो तेव्हा चांगलीच गर्दी होती. पाटोद्याकडची पोरं होती, तेलगावकडून आलेल्या दोन बहिणी होत्या. बऱ्याच जणांच्या खिशात संचालकाची चिठ्ठी होती. गिरणी सहकारी, त्यामुळं गावोगावचे बागायतदार तिचे सभासद आणि त्यातले वजनदार ते संचालक. आमच्या गावातही एक होते. आम्ही त्यांच्याकडं गेलो नव्हतो. आमच्या वस्तीतून त्यांच्या ओसरीपर्यंत जायचं तर आबांना आधी दहादा विचार करावा लागायचा, आणि शेवटी ते जायचे नाहीत.

आत एका लांबट खोलीत टेबल मांडलं होतं. मागं लेबर ऑफिसर बसले होते. चष्मा, पांढरा शर्ट, बोलणं पुण्याकडचं. त्यांच्यापुढं एक लाकडी पाटी होती. तिला बारीक भोकं पाडलेली आणि शेजारी वाटीभर टाचण्या. दोन्ही हातांनी एकाच वेळी टाचण्या उचलून भोकांत बसवायच्या, अशी परीक्षा होती. चिठ्ठीवाला असो की बिनचिठ्ठीचा, पाटी सगळ्यांना सारखीच.

आमचा नंबर आला तेव्हा घोटाळा झाला. अर्ज माझ्या हातात, बोलणारी मी, म्हणून ऑफिसरांनी मलाच बसवलं. मी काही म्हणायच्या आत "सुरू करा" म्हणाले आणि मी घाबरून सुरूही केलं. उजव्या हाताला टाचणी सापडायची तेव्हा डाव्या हातातली निसटायची. अर्ध्या टाचण्या जमिनीवर गेल्या. अक्का खाली वाकून त्या गोळा करत होती आणि तिचे खांदे हलत होते. ती हसत होती.

"सर, अर्ज माझा नाही," मी शेवटी म्हणाले. "हिचा आहे."

अक्का बसली. तिनं आधी पाटीवरून तळहात फिरवला, सगळीकडून, आंधळा माणूस ओळखीच्या माणसाच्या तोंडावरून फिरवतो तसा. मग तिनं पुन्हा पाटीकडं पाहिलंच नाही म्हटलं तरी चालेल. दोन्ही हात वाटीतून पाटीवर आणि पाटीवरून वाटीत असे जायला लागले, एका चालीत, घाई न करता. मागच्या रांगेतली माणसं माना उंच करून बघायला लागली. शेवटची टाचणी बसली तेव्हा ऑफिसरांनी पाटी स्वतःकडं ओढून घेतली आणि टाचण्यांवरून बोट फिरवून बघितलं.

मग त्यांनी अर्ज वाचला. वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरला.

"यांना ऐकू येत नाही?"

"नाही सर. पण समजतं सगळं."

"ताई, हात उत्तम आहेत. असे हात मी कमी पाहिलेत. पण आत यंत्रं आहेत. मागून ट्रॉली येते. भोंगा होतो. कुणी सावध केलं तर यांना कळणार कसं? उद्या काही झालं तर तुमच्या आईवडिलांना मी काय सांगू?"

माणूस वाईट नव्हता. त्याची शंका खरी होती, आणि तीच माझ्याही मनात होती. मी अक्काला सांगायला लागले. तिनं मला मध्येच थांबवलं. तिनं ऑफिसरांच्या चेहऱ्यावरूनच ते ओळखलं होतं. टेबलावर तळहात उपडा ठेवून ती त्यांच्याकडं बघत राहिली.

तेवढ्यात आतल्या दारातून एक वयस्क गृहस्थ आले. अंगावर निळा शर्ट, केसांत आणि भुवयांवर कापसाचे तंतू. ते आतले जॉबर, म्हणजे साच्यांवरच्या, सूत काढायच्या यंत्रांवरच्या, कामगारांचे मुकादम. आयुष्य सोलापूरच्या गिरण्यांत गेलेलं, हे नंतर कळलं. त्यांना आत माणसं हवी होती आणि ते विचारायला आले होते. ऑफिसरांनी त्यांना अक्काचं सांगितलं. दोनदा सांगावं लागलं, कारण पहिल्यांदा जॉबर कानामागं हात धरून "काय?" म्हणाले.

मग ते मोठ्यानं हसले. "साहेब, आत कुणी वरडलं तर मला तरी कुठं ऐकू येतंय? घेऊन जातो तिला. बघू तर द्या."

आम्ही त्यांच्यामागून गेलो. एक दार उघडलं, मग दुसरं. आणि दुसरं दार उघडताच माझ्या अंगावर जो आवाज आला तसा मी पुन्हा कधी ऐकला नाही. ऐकला, असंही म्हणता येत नाही. तो कानांतून आत आलाच नाही. तो छातीत, दातांत, पायांच्या तळव्यांत एकदम सुरू झाला. डोळे पोचतील तिथवर साच्यांच्या रांगा होत्या आणि प्रत्येक साच्यावर सूत पिळणाऱ्या अगणित चात्या इतक्या जोरात फिरत होत्या की त्या थांबलेल्याच वाटत होत्या. वरून कापूस धुक्यासारखा उतरत होता आणि खाली येईपर्यंत त्याचं सूत झालेलं असायचं. आमच्या शेतांत वाळून गेलेला तोच कापूस, कुठून कुठून गाठींनी आणलेला. मी "अक्का" म्हणून हाक मारली तर माझाच आवाज मला ऐकू आला नाही. मी घाबरले आणि दाराची चौकट धरली.

आणि हवा ओली होती. बाहेर माळावर उन्हानं डोळे चुरचुरत होते, इथं छताखालच्या नळ्यांतून पाण्याचे बारीक तुषार सुटत होते आणि भिंतींना ओल आली होती. गावात घागरीसाठी बाया एकमेकींच्या झिंज्या धरत होत्या. मी वर बोट दाखवलं. जॉबर माझ्या कानाशी तोंड आणून ओरडले, "हवा कोरडी पडली की सूत तुटतं!" पुढं बाहेर आल्यावर त्यांनी सांगितलं, की गिरणीच्या विहिरीचं पाणी सकाळी आधी शेजारच्या वाडीला सोडतात, आणि मग आत घेतात. ते ऐकून मला जरा बरं वाटलं. पण त्या क्षणी मला रागही आला होता आणि त्या ओल्या हवेत नुसतं उभं राहावंसंही वाटत होतं.

अक्का कुठं होती? ती केव्हाच पुढं गेली होती. एका साच्याशी थांबून तिनं त्याच्या लोखंडी कडेवर तळहात टेकवला होता आणि डोळे मिटले होते. जयंतीच्या मिरवणुकीत ती हलगीवाल्याच्या अगदी जवळून चालायची, छाती पुढं काढून, तेव्हा तिच्या तोंडावर जे यायचं तेच आता आलं होतं. तिनं डोळे उघडले आणि माझ्याकडं बघून छातीवर हात ठेवला. तिला गिरणी ऐकू येत होती.

मग मला बाकीची माणसं दिसली. रांगेच्या त्या टोकाला एका बाईनं हात वर करून बोटांनी काहीतरी केलं. इकडच्या टोकाच्या बाईनं मान हलवून उत्तर दिलं. एका माणसानं अंगठा ओठांकडं नेला, दुसऱ्यानं मनगटावर बोट आपटून नकार दिला. पाणी प्यायला जाऊ का, अजून वेळ आहे, एवढं मलाही कळलं. सगळं खातं हातांनी बोलत होतं. तिथं दुसरा इलाजच नव्हता. अख्ख्या दिवसात तोंडचा एक शब्द कुणाच्या उपयोगाचा नव्हता.

अक्का ते बघत राहिली. आधी एकाकडं, मग दुसऱ्याकडं. आमच्या घराबाहेर हातांनी बोलणारी माणसं तिनं जन्मात पहिल्यांदा पाहिली होती, आणि तीही एवढी. तिचा चेहरा मला आजही जसाच्या तसा सांगता येत नाही. रांगेतल्या एका बाईनं तिला खुणेनं विचारलं, नवीन का? अक्कानं मान हलवली आणि बोटानं जॉबरकडं दाखवून मनगट उलटं केलं, यांनी ठेवलं तर. ती बाई हसली. माझ्याकडं दोघींनीही पाहिलं नाही.

जॉबरनी तिला तुटलेलं सूत सांधून दाखवलं. गुडघ्यानं चाती रोखायची, बॉबिनवरचं, म्हणजे सुताच्या कांडीवरचं, टोक शोधायचं, ते कडीतून ओवायचं, वरून उतरणाऱ्या कापसाला नुसतं टेकवायचं आणि त्याच क्षणी चाती सोडायची. पीळ आपोआप धरतो. अक्कानं केलं, तुटलं. पुन्हा केलं, पुन्हा तुटलं. तिनं जॉबरचं मनगट धरून त्यांना हळू करायला लावलं आणि खाली वाकून बोटांच्या पातळीवर डोळे नेऊन बघितलं. मग तिनं केलं ते धरलं. सूत ताणलं गेलं आणि इतर सुतांत मिसळून गेलं, कोणतं ते पुन्हा ओळखता आलं नाही. जॉबरनी दुसरं तुटलेलं दाखवलं, ते तिनं आधीच पाहिलं होतं. ती तिकडं निघालीसुद्धा.

मी मधल्या वाटेत उभी राहून हे बघत होते. एकाएकी अक्का वळली, माझा दंड धरला आणि मला हिसक्यानं साच्याला खेटून उभं केलं. बॉबिनांनी भरलेली ट्रॉली माझ्या पदराला घासून पुढं गेली. ढकलणाऱ्या पोराला ढिगावरून मी दिसलेच नव्हते. त्याची घंटा वाजत होती म्हणे. माझे दोन्ही कान शाबूत असून मला ती ऐकू आली नव्हती.

जॉबरनी ते सगळं पाहिलं. आम्हाला बाहेर घेऊन आले, दोन्ही दारं मागं लावली आणि ऑफिसरांपुढं उभं राहून नेहमीपेक्षा जास्तच मोठ्या आवाजात म्हणाले, "ही पोरगी ठेवा. हिच्याबरोबर आलीय ती नको, ती मरंल."

खोलीतली सगळी माणसं हसली. ऑफिसरही हसले. तरी त्यांनी लगेच हो म्हटलं नाही. डॉक्टरांना दाखवायला सांगितलं, सुरुवातीला उमेदवारीवर घेऊ म्हणाले, आणि जॉबरना बजावलं की ती कायम तुमच्या नजरेसमोरच्या साच्यावर असेल. बायांना तेव्हा दिवसपाळीच असायची, त्यामुळं येण्याजाण्याचा प्रश्न नव्हता.

परतीच्या एस्टीत मी तिला विचारलं, तुला ट्रॉली कशी कळली? तिला त्यात सांगण्यासारखं काही वाटत नव्हतं. पायांकडं बोट दाखवलं, जमीन हलली. मग समोरच्या बाईची खूण करून स्वतःचे डोळे मोठे केले. त्या बाईचे डोळे मोठे झालेले तिनं पाहिले होते. मग तिनं खिडकीतून बाहेर बघायला सुरुवात केली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जमीन भेगाळलेली होती, गुरांच्या छावणीच्या चाऱ्याचा ट्रक पुढं चालला होता. मी मात्र तिच्याकडंच बघत बसले. एका अंथरुणात वाढलेल्या आम्ही, आणि मला ही बाई आज पहिल्यांदा भेटल्यासारखं झालं होतं.

घरी आबांनी सगळं ऐकून घेतलं. तिच्या कामाच्या पहिल्या दिवशी तलावावर उशिरा पोचलो तर पोचलो म्हणत ते तिला स्टँडवर सोडायला गेले आणि कंडक्टरला म्हणाले, "लेक हाय माझी. गिरणीत हाय कामाला. फाटकापाशी उतरवा."

अक्का कायम झाली. दुष्काळ सरला, तलावाचं काम संपलं, मीही शिकून बीडला नोकरीला लागले. पुढं जॉबर नव्या पोरी तिच्याच हाताखाली द्यायचे. गिरणी बरीच वर्षं चालली आणि मग जिल्ह्यातल्या इतर गिरण्यांसारखी तीही बंद पडली. तोवर अक्काचं तिथंच एका फिटरशी लग्न झालं होतं, आणि त्याला हातांनी बोलणं वेगळं शिकवावं लागलं नव्हतं.

ती लागल्यानंतरच्या वर्षी मी एकदा तिचा विसरलेला डबा घेऊन गिरणीत गेले होते. जॉबरनी मला दारातच उभं केलं. "पुढं येऊ नको," हातानंच म्हणाले. मी तिथून बघत राहिले. अक्का तिच्या साच्याच्या कडेनं चालत होती, हात सुतांवर, आणि चालता चालता रांगेतल्या बायांना काहीतरी सांगत होती. बोटं भराभर चालत होती. मध्येच तिनं कुणाच्यातरी चालीची नक्कल केली, पोट पुढं काढून. रांगेतल्या सगळ्या बाया एकदम हसल्या. पार टोकाची एक तर साच्याला धरून वाकली. त्या आवाजात त्यांचं हसणं ऐकू येत नव्हतं, नुसतं दिसत होतं.

मला त्यातली एकही खूण कळली नाही. ते आमच्या घरातले शब्द नव्हते.

जेवणाच्या सुट्टीत ती बाहेर आली, केसांत कापूस घेऊन. मी विचारलं, काय सांगत होतीस गं त्यांना? तिनं सांगायला हात उचलले, मध्येच थांबली, मला समजेल असं काही शोधू लागली. मग हात झटकला. जाऊ दे, तुला नाही कळायचं. आणि लिंबाच्या सावलीत वाट बघणाऱ्या मैत्रिणींकडं मला हाताला धरून घेऊन गेली.